सिंगापूरचे प्राणिसंग्रहालय : एका दिवसाची सहल आणि चौथीच्या मुलांचे प्रश्न



'मी पाहिलेले प्राणिसंग्रहालय' हा निबंध आपण सगळेच दरवर्षी देतो. आणि दरवर्षी सगळ्या वह्यांमध्ये तोच निबंध परत येतो. 'आम्ही रविवारी प्राणिसंग्रहालय पाहण्यास गेलो. तेथे वाघ, सिंह, हत्ती, हरीण, मोर असे प्राणी होते. माकडांच्या मर्कटचेष्टा पाहून आम्हांस फार हसू आले. संध्याकाळी आम्ही आनंदाने घरी परतलो.' माझ्या चौथीच्या वर्गात १९ मुलं आहेत. त्यातल्या फक्त चौघांनी खरंच प्राणिसंग्रहालय पाहिलंय. तरी १९ जणांना मर्कटचेष्टा पाहून हसू आलेलं असतं! मुलांची यात चूक नाही. आपण विषय देतो, पण त्यामागचं बघणं देत नाही.

यंदा मात्र योगायोगाने हा विषय माझ्या वर्गात वेगळ्या पद्धतीने शिकवून झाला. त्यातून मलाही बरंच शिकायला मिळालं. ते तुमच्यासमोर मांडते. पाठाला उपयोगी पडेल अशी माहितीही दिली आहे.

सहलीची पार्श्वभूमी

माझी धाकटी बहीण आणि मेहुणे दीड वर्षापासून सिंगापूरला राहतात. मेहुण्यांची नोकरी तिकडे आहे. सुरुवातीचे सहा-सात महिने बहिणीचं तिथे अजिबात मन लागत नव्हतं. फोनवर बोलताना 'सगळं छान आहे गं ताई' म्हणायची, पण आवाजावरून कळायचं. सिंगापूर हा देश आपल्या मुंबईपेक्षा थोडासाच मोठा. तिथे दिवाळीला सार्वजनिक सुट्टी असते, पण एकच दिवस. वसुबारस नाही, पाडवा नाही, भाऊबीज नाही. घरापासून दूर अशी ही तिची दुसरी दिवाळी. पहिली दिवाळी दोघांनी घरातच, व्हिडिओ कॉलवर आमची तोंडं बघत काढली होती. आणि फोन ठेवल्यावर ती रडली होती, हे मला मेहुण्यांनी नंतर सांगितलं.

म्हणून यंदा मेहुण्यांनी आधीच ठरवलं, की सकाळी अभ्यंगस्नान, पूजा उरकायची आणि दिवसभर बाहेर पडायचं. कुठे? तर प्राणिसंग्रहालयात! आमच्या आईला हे काही पटलं नाही. "दिवाळीच्या दिवशी कोणी वाघ बघायला जातं का?" पण दोघं गेली. आईने पार्सलने पाठवलेला चिवडा आणि शंकरपाळ्यांचा डबा घेऊन, मेट्रोने खातिब स्टेशनपर्यंत आणि तिथून बसने मंडाई भागात.

बहिणीने मला दिवसभर फोटो आणि आवाजी निरोप पाठवले. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, तेव्हा ते मी वर्गात दाखवले आणि ऐकवले. मुलांचे प्रश्न एवढे वाढले की शेवटी एका शनिवारी सकाळच्या शाळेत आम्ही बहिणीलाच व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडे ९ वाजलेले असतात तेव्हा सिंगापुरात साडेअकरा वाजलेले असतात. हा वेळेतला फरक मुलांना भूगोलात शिकवताना अर्धा तास जातो. त्या दिवशी मावशीच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघून दोन मिनिटांत कळला.

पहिला प्रश्न : पिंजरे कुठे आहेत?

पहिल्याच फोटोत एक वाघ होता. पांढरा, पाण्याकाठी चालणारा, मागे झाडी. फोटोत गज नाहीत, जाळी नाही. पोरं एकदम गप्प. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मावशी जंगलात गेली होती का?"

इथून खरा पाठ सुरू होतो.

सिंगापूरचं हे प्राणिसंग्रहालय २७ जून १९७३ रोजी सुरू झालं. अप्पर सेलेतार नावाच्या जलाशयाच्या काठावर, सुमारे २६ हेक्टर जागेत ते पसरलं आहे. त्याची कल्पना मांडली ती तिथल्या पाणी-वीजपुरवठा मंडळाचे प्रमुख ओंग स्वी लॉ यांनी. जलाशयाभोवतीचं जंगल राखून ठेवलेलं होतंच. त्याच जंगलाच्या एका भागात लोकांसाठी उद्यान करावं असं त्यांना वाटलं. सल्ला देण्यासाठी आपल्या शेजारच्या श्रीलंकेतून, कोलंबोजवळच्या देहिवेला प्राणिसंग्रहालयाचे लिन डी अल्विस आले. सुरुवात झाली तेव्हा ७२ प्रजातींचे मिळून २७० प्राणी होते. आज सुमारे ३०० प्रजातींचे प्राणी आहेत.

या प्राणिसंग्रहालयाचं वैशिष्ट्य म्हणजे 'खुली' पद्धत. ही पद्धत मूळची जर्मनीतली. कार्ल हागेनबेक हा प्राण्यांचा मोठा व्यापारी होता. त्याने १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगन इथे गजांऐवजी खंदक वापरून प्राणी ठेवले. त्यासाठी त्याने आधी काय केलं? तर कोणता प्राणी किती लांब आणि किती उंच उडी मारतो, हे प्रत्यक्ष मोजलं. मग त्याप्रमाणे खंदकाची रुंदी ठरवली.

हे सांगितल्यावर वर्गात एकाने लगेच विचारलं, "पण वाघाला तर पोहता येतं ना बाई?"

प्रश्न अगदी योग्य आहे. मी तेव्हा 'थांब, सांगते' म्हणून वेळ मारून नेली आणि घरी येऊन अभ्यास केला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर असं लिहिलं :

• हत्ती – हत्तीला उडी मारता येत नाही. चारही पाय एका वेळी जमिनीवरून उचलणं त्याला जमत नाही. म्हणून कोरडा खंदकसुद्धा त्याला पुरतो.

• ओरांगउटान – झाडावर कसबी, पण पोहता येत नाही. म्हणून पाण्याचा खंदक पुरतो.

• वाघ – उत्तम पोहतो. त्याला पाणी अडवत नाही. त्याला अडवते पलीकडची उंच, सरळ भिंत. खोल पाण्यात पाय टेकत नाहीत, मग उडीसाठी जोर कशावर घेणार?

• बिबट्या – पोहतो, उडी मारतो आणि झाडावरही चढतो. त्याला खंदकही पुरत नाही आणि भिंतही. म्हणून चढण्यात पटाईत असणारे धोकादायक प्राणी तिथेही काचेआडच ठेवले आहेत.

म्हणजे पिंजरा नाही असं नाही. अडथळा आहेच, फक्त तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. आणि हा अडथळा बांधायला लोखंडापेक्षा त्या प्राण्याची माहिती जास्त लागते. मला स्वतःला हे वाक्य फळ्यावर लिहिताना फार आवडलं.

अर्थात ही माहिती मिळवताना चुकाही झाल्या. सुरुवातीच्या काळात सिंगापूरच्या या प्राणिसंग्रहालयातून एक काळा बिबट्या निसटला होता. १९७४ मध्ये काँगो नावाचा पाणघोडा बाहेर पडून थेट जलाशयात जाऊन बसला आणि दीड महिन्याहून जास्त काळ तिथेच मुक्काम करून राहिला! पाणघोड्याची गोष्ट ऐकून वर्ग हसून हसून लोळला. काळ्या बिबट्याच्या गोष्टीवर मात्र कोणी हसलं नाही. त्याचं कारण पुढे सांगते.

पांढरा वाघ आपलाच पाहुणा

पांढऱ्या वाघाबद्दल मुलांना (आणि बऱ्याच मोठ्यांनाही) वाटतं की ही वेगळी जात आहे किंवा हा बर्फातला वाघ आहे. दोन्ही चूक. हा आपल्या पट्टेरी वाघाचाच जन्मतः वेगळा रंग आहे. १९५१ मध्ये मध्य प्रदेशातल्या रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी जंगलातून एक पांढरा बछडा पकडून आणला. त्याचं नाव मोहन. जगभरातल्या प्राणिसंग्रहालयांत दिसणाऱ्या पांढऱ्या वाघांची वंशावळ बहुतांशी या मोहनपर्यंत जाऊन पोचते.

पण इथे एक गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. रंग टिकवण्यासाठी जवळच्या नात्यातल्याच वाघांची पिल्लं पुन्हा पुन्हा जन्माला घातली गेली. त्यामुळे पांढऱ्या वाघांमध्ये तिरळेपणासारखे दोष दिसतात. दिसायला सुंदर म्हणून केलेली गोष्ट त्या प्राण्यासाठी चांगली असेलच असं नाही.

बहीण म्हणाली, "ताई, एवढ्या लांब येऊन बघितला तर तो निघाला रीवाचा!" मेहुणे म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखाच की. मूळ गाव तिकडं, पोटापाण्याला इकडं."

'जंगलातला माणूस' आणि आ मेंग

मुलांना सगळ्यात जास्त आवडले ते ओरांगउटानचे फोटो. 'ओरांग' म्हणजे माणूस आणि 'हुतान' म्हणजे जंगल. मलाय भाषेत या शब्दाचा अर्थ 'जंगलातला माणूस'. सिंगापुरात ते उंच झाडांवर आणि दोरांवर, बघणाऱ्यांच्या डोक्यावरून फिरत असतात. बहिणीने पाठवलेल्या व्हिडिओत एक पिल्लू आईच्या पोटाला घट्ट चिकटलेलं होतं. ओरांगउटानचं पिल्लू सहा-सात वर्षं आईजवळ राहतं. खायचं काय, झोपण्यासाठी फांद्यांचं अंथरूण कसं करायचं, हे सगळं आईकडूनच शिकतं. म्हणजे त्यांची चौथीपर्यंतची शाळा आईकडेच असते!

इथे आ मेंगची गोष्ट जरूर सांगावी. ही सुमात्रा बेटावरची ओरांगउटान मादी. एका घरात तिला बेकायदा पाळलेलं होतं. १९७१ मध्ये तिला तिथून सोडवण्यात आलं. पुढे ती प्राणिसंग्रहालयाची इतकी लाडकी झाली की जगभरचे पाहुणे तिच्यासोबत नाश्ता करायला यायचे. ८ फेब्रुवारी २००८ रोजी ती गेली. तिला निरोप द्यायला हजारो लोक जमले होते. आजही तिथल्या एका उपाहारगृहाला तिचं नाव आहे.

ओरांगउटान आता बोर्निओ आणि सुमात्रा या दोनच बेटांच्या जंगलांत उरले आहेत. त्यांचं जंगल कमी होण्याचं एक मोठं कारण म्हणजे पामतेलासाठी केलेली लागवड. मी मुलांना घरून बिस्किटांची, वेफर्सची रिकामी पाकिटं आणायला सांगितली आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लावली. बऱ्याच पाकिटांवर पामतेल सापडलं. आपण कधीही न पाहिलेल्या बेटावरच्या प्राण्याशी आपला संबंध दप्तरातल्या पाकिटातून येतो, हे मुलांना त्या दिवशी हातात धरून बघता आलं. मात्र याचा अर्थ 'बिस्किट खाणं पाप' असा मुलांनी घेऊ नये याची काळजी घ्या. एका मुलीने घरी जाऊन आजीचा बिस्किटाचा पुडा लपवून ठेवला होता. मला मग आजींना भेटून समजावून सांगावं लागलं!

नाकाड्या माकड आणि 'खायला घालू नका' ही पाटी

बोर्निओतच एक मोठ्या लोंबत्या नाकाचं माकड असतं. इंग्रजीत त्याला प्रोबॉसिस मंकी म्हणतात, आमच्या वर्गाने त्याचं नाव 'नाकाड्या' ठेवलं. मोठं नाक फक्त नराला असतं. या माकडाचं पोट गाई-म्हशींसारखं कप्प्यांचं असतं. त्यात पाला आंबवून पचवला जातो. त्यामुळे पिकलेली गोड फळं त्याने जास्त खाल्ली तर पोटात वायू धरून पोट फुगतं आणि जीवावरही बेतू शकतं.

'प्राण्यांना खायला घालू नये' हा नियम आपण मुलांना नुसता पाठ करायला लावतो. नाकाड्याची गोष्ट सांगितली की त्याचं कारण समजतं. आपल्याला वाटतं केळं देणं म्हणजे माया. पण त्याच्यासाठी ते विष ठरू शकतं. आपल्या देशातही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८ जे नुसार प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना चिडवणं, इजा करणं, खायला घालणं, गोंगाट करणं आणि तिथे कचरा करणं हा गुन्हा आहे.

आणि चिवड्याचा डबा? त्या भागात मोकळी माकडंही फिरतात आणि सिंगापुरात रानटी प्राण्यांना खायला घातलं तर दंड होतो. म्हणून दोघांनी तो आत उघडलाच नाही. दुपारी पावसाची जोरदार सर आली, तेव्हा एका छपराखाली तासभर उभं राहावं लागलं. संध्याकाळी परत येताना स्टेशनजवळच्या बाकावर बसून शंकरपाळे खाल्ले. बहिणीच्या मते त्या दिवसातली ती सगळ्यात छान वेळ होती. शेजारी बसलेल्या एका तमिळ आजींनाही तिने शंकरपाळे दिले. त्या आजींनी पिशवीतून मुरुक्कू काढून हिच्या हातावर ठेवला. आपल्या चकलीचाच भाऊ. "ताई, चव जवळजवळ आईच्या चकलीसारखी होती गं," एवढं बोलून त्या निरोपात ती थोडा वेळ काहीच बोलली नाही.

हिरवं झालेलं पांढरं अस्वल

आता थोडी अवघड गोष्ट. २६ डिसेंबर १९९० रोजी सिंगापूरच्या प्राणिसंग्रहालयात एका ध्रुवीय अस्वलाचा जन्म झाला. त्याचं नाव इनुका. उष्ण कटिबंधात जन्मलेलं ते पहिलं ध्रुवीय अस्वल. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर आहे. बाराही महिने उकाडा.

२००४ मध्ये इनुका आणि त्याची आई शीबा यांचे केस चक्क हिरवे दिसायला लागले. कारण काय? ध्रुवीय अस्वलाचा केस खरं तर पांढरा नसतो. तो बिनरंगाचा आणि आतून पोकळ नळीसारखा असतो. त्याच्या खाली कातडी काळी असते. दमट हवेत त्या पोकळ केसांत शेवाळ वाढलं. पुढे औषधाने ते घालवलं.

मुलांना ही गोष्ट आधी गंमतीची वाटली. मग एकीने विचारलं, "बाई, मग त्याला खरा बर्फ कधीच दिसला नाही?"

त्याच्यासाठी बर्फाच्या लाद्या ठेवल्या जायच्या. २०१३ मध्ये त्याला थंड हवेची नवी, मोठी जागाही मिळाली. पण समुद्रावर गोठलेला, मैलोन्‌मैल पसरलेला बर्फ त्याने कधीच पाहिला नाही. प्राणिप्रेमी संघटनांनी यावर आक्षेप घेतले होते. २००६ मध्येच प्राणिसंग्रहालयाने जाहीर केलं, की यापुढे नवीन ध्रुवीय अस्वल आणणार नाही. इनुका म्हातारा झाला, त्याचे सांधे दुखू लागले, जखमा भरेनात. २५ एप्रिल २०१८ रोजी तपासणीसाठी भूल दिल्यावर त्याला पुन्हा जागं करायचं नाही, असं डॉक्टरांनी ठरवलं. तो २७ वर्षांचा होता. त्यानंतर तिथे ध्रुवीय अस्वल नाही.

अशी गोष्ट चौथीच्या मुलांना सांगावी का, असं काही शिक्षकांना वाटेल. मला वाटतं सांगावी. कारण त्यातून मुलांना दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे मोठी माणसं, मोठ्या संस्थासुद्धा चुकतात. आणि दुसरी, चूक कळल्यावर ती पुन्हा न करण्याचं ठरवता येतं.

याच वेळी मुंबईच्या राणीच्या बागेतल्या पेंग्विनचा विषय निघाला. ते पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत. ते दक्षिण ध्रुवावरच्या बर्फातले नसून पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे आहेत. त्यांनाही आपल्याकडे थंड केलेल्या जागेतच ठेवावं लागतं. हे योग्य की अयोग्य? मी उत्तर दिलं नाही. वर्गात दोन गट केले आणि दोन्ही बाजूंनी बोलायला लावलं.

मग प्राणिसंग्रहालयं हवीत तरी कशाला?

चर्चेत हा प्रश्न येणारच. त्यासाठी एक उदाहरण हाताशी ठेवा. अरबस्तानातला ऑरिक्स हा लांब सरळ शिंगांचा, पांढरा, कुरंगासारखा प्राणी. १९७२ मध्ये जंगलातला शेवटचा कळपही शिकाऱ्यांनी संपवला. पण काही ऑरिक्स आधीच प्राणिसंग्रहालयांत नेऊन वाढवले होते. त्यांचीच पिल्लं १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात पुन्हा सोडली गेली. प्राणिसंग्रहालय नसतं तर तो प्राणी आज फक्त चित्रात उरला असता.

म्हणून मी मुलांना सांगितलं, की प्राणिसंग्रहालय चांगलं की वाईट असं विचारू नका. तीन प्रश्न विचारा. हा प्राणी इथे का आणला? इथे त्याला त्याच्या सवयीप्रमाणे वागता येतं का? याच्यामुळे जंगलातल्या त्याच्या भाऊबंदांचं काही भलं होतं का?

आणि आमचा बिबट्या

आता काळ्या बिबट्याच्या गोष्टीवर वर्ग का हसला नाही ते सांगते. आमची शाळा जुन्नर तालुक्यात आहे. गावाभोवती ऊसच ऊस. आमच्या मुलांसाठी बिबट्या हा पुस्तकातला प्राणी नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाची शेळी मागच्या पावसाळ्यात गोठ्यातून गेली. संध्याकाळी सहानंतर मुलं अंगणातसुद्धा एकटी जात नाहीत. खेळाचा तास कधीही शेवटचा ठेवायचा नाही, हा आमच्या शाळेचा अलिखित नियम आहे.

व्हिडिओ कॉलवर शेळी गेलेल्या मुलानेच विचारलं, "मावशी, तुमच्याकडे बिबट्या काचेत ठेवलाय. आमच्याकडे तो मोकळा आहे. मग आम्हीच संध्याकाळी पिंजऱ्यात बसायचं का?"

पलीकडे बहीण गप्प, अलीकडे मी गप्प. खरं सांगते, याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. 'बिबट्या आपला मित्र आहे' असलं गुळगुळीत वाक्य त्या मुलाला सांगायची मला लाज वाटली.

पण सोमवारी आम्ही फळ्यावरचा तो तक्ता पुन्हा काढला. कोणाला काय अडवतं? बिबट्याला खंदक अडवत नाही, भिंत अडवत नाही. मग आपल्या गावात त्याला काय अडवू शकतं? मुलांनीच सांगायला सुरुवात केली. वरून आणि चारही बाजूंनी बंद असलेला गोठा. अंगणात उजेड. घराच्या अगदी भिंतीपर्यंत ऊस न लावणं. उघड्यावर कचरा न टाकणं, कारण कचऱ्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. एकट्याने न जाता घोळक्याने, मोठ्याने बोलत जाणं. वाकून बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं वाटू शकतं, म्हणून अंधारात उघड्यावर बसू नये. यातलं बरंचसं वनखातं सांगतच असतं, भिंतींवर लिहिलेलंही आहे. पण आजपर्यंत मुलं ते सूचना म्हणून वाचत होती. आता त्यांना त्यामागचं कारण कळलं होतं. हागेनबेकने जे वाघासाठी केलं, तेच आपण करायचं. प्राणी ओळखायचा आणि त्याप्रमाणे अंतर राखायचं.

त्या मुलाच्या वडिलांनी आता गोठ्याला वरूनही जाळी मारली आहे. जाळीची मापं त्याने स्वतः वहीत काढून दाखवली होती.

वर्गात काय करता येईल?

१. 'कुंपण कोणतं?' हा खेळ. एक मूल प्राण्याचं नाव सांगेल. बाकीच्यांनी तो उडी मारतो का, पोहतो का, चढतो का, हे विचारून योग्य अडथळा सुचवायचा.

२. नकाशा. जगाच्या नकाशावर प्रत्येक प्राण्याचं मूळ घर शोधायचं. ओरांगउटान, ध्रुवीय अस्वल, पेंग्विन, ऑरिक्स, पांढरा वाघ.

३. एकच प्राणी, दहा मिनिटं. सहलीला गेल्यावर सगळं प्राणिसंग्रहालय पळत पळत बघू नका. प्रत्येक मुलाने एकच प्राणी निवडून दहा मिनिटं शांतपणे बघायचा आणि पाच गोष्टी टिपायच्या. पुण्याजवळच्या शाळांना कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सोयीचं आहे. ते बुधवारी बंद असतं, त्यामुळे जाण्याआधी चौकशी करा.

४. सहल शक्य नसेल तर गावातलंच झाड निवडा. आमच्या ओढ्याकाठच्या मोठ्या झाडावर वटवाघळं लटकलेली असतात. सिंगापुरात ती बघायला लोक तिकीट काढून जातात, हे कळल्यावर मुलं त्या झाडाखाली पहिल्यांदा मान वर करून थांबली.

निबंधासाठी मुद्दे

निबंध तयार लिहून देऊ नका. एवढेच प्रश्न द्या : कोणासोबत गेलात किंवा कोणाकडून ऐकलंत? कोणता एक प्राणी लक्षात राहिला? तो त्या वेळी काय करत होता? त्याचं मूळ घर कुठे? त्याला बघून तुमच्या मनात कोणता प्रश्न आला? त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का?

यंदा माझ्या १९ वह्यांत १९ वेगळे निबंध आले. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर आहेत, पण मर्कटचेष्टा एकाही वहीत नाहीत. एकीने लिहिलंय, 'इनुकाला बर्फ दिसला नाही म्हणून मी त्याच्यासाठी चित्रात बर्फ काढला.' आणि जाळीची मापं काढणाऱ्या मुलाने शेवटी लिहिलंय, 'मावशीला पण तिकडे आपलं गाव दिसत नाही. मी तिला आमच्या गोठ्याचा फोटो पाठवणार आहे.'

फोटो पाठवला. बहिणीने तो फ्रीजवर चिकटवून ठेवला आहे.

तुमच्या वर्गात हा पाठ घेऊन बघा. मुलांनी कोणते प्रश्न विचारले ते मला जरूर कळवा. विशेषतः ज्यांची उत्तरं तुम्हालाही देता आली नाहीत, ते प्रश्न.